माडावरचे ऊन

मुंबईच्या सरकारी वसाहतीत आमच्या शेजारी नागपूरहून बदलून आलेले एक कुटुंब राहावयास आले, तेव्हा मी दहा वर्षांचा असेन. त्या घरच्या वृद्ध नानी आणि माझी आजी यांचे आठ दिवसांतच मेतकूट जमले. पुढे रमजान सुरू झाला. पहिल्या रोजाच्या संध्याकाळी नानी आमच्याच गॅलरीत बसल्या होत्या. पुढ्यात वाटीभर खजूर, हातात नागपूरहून आणलेले वेळापत्रक. घड्याळाकडे पाहून त्यांनी खजूर उचलला, एवढ्यात आजी ओरडली, “अहो नानी, थांबा! समोरच्या माडावर अजून ऊन आहे!”

नानींचा हात तसाच थांबला. दिवसभराचा निर्जळी उपवास एका घटकेसाठी फुकट जायचा होता.

आजीच्या हे चटकन ध्यानी आले, यात नवल नाही. संकष्टीचा चंद्रोदय मुंबईचा वेगळा नि नागपूरचा वेगळा, हे ती दर महिन्याला पाहत असे. मला मात्र कोडे पडले. देश एक, घड्याळ एक, मग सूर्यास्त दोन कसे? पुढे मी भूगोलाचा मास्तर झालो, तरी त्या कोड्याचा नाद काही सुटला नाही.

वाचकहो, नमाजाच्या पाचही वेळा घड्याळाला नव्हे, सूर्याला बांधलेल्या आहेत. पहाट फुटली की फजर. सूर्य माथ्यावरून ढळला की जोहर. सावली ठरावीक लांबीची झाली की असर. सूर्य बुडाला की मगरीब. आणि संधिप्रकाश विझला की इशा. पृथ्वीला एक अंश फिरावयास 4 मिनिटे लागतात. मुंबई 73 रेखांशाच्या जवळ, तर नागपूर 79 च्या किंचित पलीकडे. म्हणजे दोहोंत सुमारे 25 मिनिटांचे अंतर! शिवाय आपले घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचे. त्यामुळे मुंबईचा खरा मध्यान्ह सरासरीने 12 वाजून 39 मिनिटांनी होतो. पण तोही स्थिर नाही. नोव्हेंबरच्या आरंभी तो 12.22 च्या सुमारास होतो, तर फेब्रुवारीच्या मध्यास 12.53 च्या.

असरची गंमत और आहे. मध्यान्हीची सावली वजा करून काठीची सावली काठीएवढी झाली की शाफई पंथाची असर सुरू होते. हनफी पंथात बहुधा ती दुप्पट व्हावी लागते. आपले कोकणी मुसलमान शाफई, अरबी समुद्रावरच्या जुन्या व्यापाराचे वारसदार. देशावरचे बहुतेक हनफी. तेव्हा एकाच शहरात दोन असर! मेच्या मध्यास मुंबईत सूर्य डोक्यावर येतो आणि मध्यान्हीची सावली नाहीशी होते. त्या दिवशी हे गणित पोरानेही अंगणात करून पाहावे.

हे गणित मांडणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. नवव्या शतकात बगदादेत अल् ख्वारिज्मीच्या नावावर अशी कोष्टके आढळतात. तेराव्या शतकात इजिप्तमध्ये मशिदीचा ‘मुवक्कित’, म्हणजे वेळ सांगणारा ज्योतिर्विद, नेमला जाऊ लागला. त्यांतला थोर पुरुष दमास्कसचा इब्न अल् शातिर. उमय्यद मशिदीच्या मिनारावर त्याने 1371 च्या सुमारास संगमरवरी छायायंत्र बसविले. चंद्राच्या गतीची त्याने मांडलेली रचना पुढे कोपर्निकसच्या ग्रंथात जवळजवळ तशीच दिसते, आणि ती तिथे कशी पोहोचली यावर विद्वान आजही वाद घालतात.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. या मुवक्कितांच्या हातच्या कोष्टकांत ‘जैब’ नावाचे स्तंभ असत. हा शब्द मूळचा आपला, संस्कृतातील ‘जीवा’ अर्थात ‘ज्या’! आर्यभटाच्या परंपरेतील ज्या बगदादेस गेली आणि बांगेची वेळ काढू लागली. आमच्या लग्नघरी घटिकापात्र तरंगत होते, तेव्हा तिकडे तिच्याच आधाराने सावली मोजली जात होती.

स्थानिक सूर्याचा अभिमान मुंबईलाही होता. 1906 साली देशाची एक वेळ आली, तेव्हा मुंबईकरांनी कडाडून विरोध केला. 39 मिनिटे मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ या शहराने पुढे कित्येक दशके जपली. आगगाडीला एक घड्याळ लागते, हे खरेच. परंतु उपवास सोडणाऱ्याला आपल्या गावचा सूर्य लागतो.

आज ही गणिते खिशातला फोन क्षणात करतो. तरी पहाट कधी फुटली मानावी, सूर्य क्षितिजाखाली 18 अंश असताना की 15, यावर मतभेद उरतातच; ते काही यंत्राने मिटत नाहीत.

दुसऱ्या दिवशी नानींनी जवळच्या मशिदीतून मुंबईचे वेळापत्रक मागविले. ते अचूक होते. तरीही तो महिनाभर खजूर हातात घेण्यापूर्वी त्या आमच्या गॅलरीत येत आणि आजीला विचारीत, “बाई, माडावरचे ऊन गेले ना?”

आजी निरखून पाही, आणि म्हणे, “गेले हो नानी. घ्या आता.”