विंचेस्टर की रेमिंग्टन? १९६४ साली फिरलेली निवड

१/ अमेरिकी शिकाऱ्यांपुढे गेली सहा दशके एक प्रश्न उभा आहे: बोल्ट-ॲक्शन रायफल घ्यायची तर विंचेस्टर मॉडेल ७० की रेमिंग्टन मॉडेल ७००? या वादाचे मूळ रानात नाही, कारखान्याच्या हिशेबवहीत आहे.

२/ मॉडेल ७० आली १९३६ साली. तिच्या बोल्टवर जर्मन माउझर ९८ च्या धर्तीचा लांब पोलादी पंजा होता. मॅगझिनमधून वर येणारे काडतूस तो धरी आणि चेंबरमध्ये शिरेपर्यंत सोडत नसे. चवताळलेल्या अस्वलासमोर दुसरे काडतूस अडकले, तर तिसरी संधी मिळत नाही. पंजाचे मोल ते हे.

३/ पण असे भाग घडवायला कुशल हात आणि वेळ लागे. रेमिंग्टनने १९४८ च्या मॉडेल ७२१ पासून सोपी वाट धरली: नळकांड्यासारखा गोल रिसीव्हर आणि बोल्टच्या तोंडात बसवलेला छोटा एक्स्ट्रॅक्टर. त्याच वंशातील मॉडेल ७०० ही १९६२ मध्ये आली. बनवायला स्वस्त, तरीही अचूक.

४/ खर्च आटोक्यात आणण्यासाठी विंचेस्टरने १९६४ मध्ये पंजाच काढून टाकला. चाहते संतापले. ‘६४ पूर्वीची’ हे जुन्या बंदुकांचे बिरुद ठरले.

५/ १९६६ मध्ये अमेरिकी मरीन दलाने एम४० स्नायपर रायफलसाठी मॉडेल ७०० चा आधार घेतला. १९९० च्या दशकात विंचेस्टरने पंजा परत आणला. दोघींनाही आपापला न्याय मिळाला: एकीला अचूकतेचा, दुसरीला भरवशाचा.