वाहनातील बिनतारी संच : तापनियंत्रण

मोटार, ट्रक, रुग्णवाहिका किंवा अग्निशमन बंब यांत पक्क्या बसवलेल्या दुतर्फी बिनतारी संचात साठणारी उष्णता बाहेर टाकण्याची तजवीज. बोलीत या संचाला नुसते ‘वायरलेस’ म्हणतात. पोलीस, अग्निशमन दले, वाहतूक कंपन्या आणि हौशी रेडिओचालक (हॅम) तो वापरतात. त्यासाठी केंद्र सरकारच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेचा परवाना लागतो.

ऐकताना संच जेमतेम अर्धा अँपिअर वीज घेतो आणि कोमटही होत नाही. बोलण्याचे बटण दाबले की चित्र बदलते. 50 वॅटचा संच 13.8 व्होल्टला सुमारे 11 अँपिअर, म्हणजे दीडशे वॅट ओढतो. त्यातले 50 अँटेनातून बाहेर जातात. उरलेले शंभर वॅट, जुन्या पिवळ्या बल्बाएवढे, वीतभर लांबीच्या पेटीत उष्णता होऊन राहतात. प्रक्षेपक ट्रान्झिस्टर मागच्या ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या पंखांना (फिन) जखडलेला असतो, तेव्हा ही उष्णता बाहेर पडण्याची वाट त्या पंखांतूनच. बहुतेक संचांची रचना थोडा वेळ बोलणे आणि बराच वेळ नुसते चालू राहणे, या गृहीतावर केलेली असते. हे प्रमाण मोडले की उत्तम कंपनीचा संचही तापतो.

ते कसे मोडते, हे ठाणे–भिवंडी रस्त्यावरील पूर्णा (ता. भिवंडी, जि. ठाणे) परिसरात समजते. राहनाळ, काल्हेर, वळ, दापोडे यांच्यासह हा गोदामांचा पट्टा आहे. कापड, प्लास्टिक, रसायने साठवलेल्या इथल्या गोदामांना आग लागली, की ती विझवायला कित्येक तास जातात आणि ठाणे, कल्याणहूनही कुमक मागवावी लागते. बंब एका जागी उभा, इंजिन पंपासाठी सतत चालू, बाहेर आगीची धग, आणि त्याच वेळी वायरलेसवर पाणी, टँकर, माणसे यांची अखंड मागणी. धावत्या गाडीत मिळणारा वारा इथे नसतो. उन्हाळ्यात बंद केबिन आधीच 50 अंशांपुढे गेलेली असते आणि उन्हातला काळा डॅशबोर्ड 70 अंशांवर. पुष्कळ संचांची मर्यादा मात्र 60 अंश सेल्सिअसची. ती ओलांडली की संच स्वतःला वाचवण्यासाठी शक्ती उतरवतो किंवा प्रक्षेपण थांबवतो. ज्या घडीसाठी तो घेतला, त्याच घडीला मुका होतो. म्हणून जागेची निवड हे तापनियंत्रणातले सर्वांत मोठे काम. पंखा वगैरे नंतर.

डॅशबोर्डचा माथा, इंजिनवरचे झाकण आणि सीटखालची चिंध्या-पाने कोंबलेली पोकळी या तिन्ही जागा टाळाव्यात. पत्र्याच्या मजबूत ब्रॅकेटवर, मागे व वर चार बोटे मोकळी सोडून, पंखांच्या खाचा शक्यतो उभ्या राहतील असा संच बसवावा. तापलेली हवा वर चढते आणि खालून गार हवा येते. संचाचे तोंड वेगळे होत असेल तर तेवढेच चालकासमोर ठेवून मुख्य पेटी सीटमागे न्यावी. वातानुकूलन यंत्राचा झोत थेट संचावर घेऊ नये, पावसाळी दमट हवेत आत पाणी धरते. पंखा बसवल्यास त्याची जाळी वरचेवर झाडावी. भिवंडीत रस्त्याची धूळ आहेच, यंत्रमागांजवळ कापसाचा तूसही जाळीत बसतो.

ट्रकमध्ये आणखी एक अडचण आहे. जड वाहनांची वीज 24 व्होल्टची, संच 12 व्होल्टचा. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून तार काढण्याची युक्ती बॅटऱ्यांचा समतोल बिघडवते. योग्य क्षमतेचा कन्व्हर्टर लावावा. पण तोही तापतो, त्याला संचाला चिकटवू नये. सिगारेट लायटरच्या खोबणीतून 50 वॅटचा संच चालवणे धोक्याचे. सैल जोड वितळतो. जाड तार थेट बॅटरीपासून आणावी, फ्यूज बॅटरीजवळच असावा.

अँटेनाकडे या बाबतीत कुणाचे लक्ष जात नाही. ती नीट जुळलेली नसेल आणि स्थिरलहर गुणोत्तर (एसडब्ल्यूआर) 3 असेल, तर चौथा हिस्सा शक्ती संचाकडे परतते आणि प्रक्षेपक ट्रान्झिस्टरवरचा ताण वाढतो. ते 1.5 च्या आत ठेवावे. शक्ती 50 वरून 25 वॅटवर आणल्यास पलीकडच्या कानाला फरक क्वचितच जाणवतो, उष्णता मात्र बरीच घटते; जवळच्या संभाषणाला कमी शक्ती हीच रीत हवी.

बसवल्यानंतर संच भर दुपारी, गाडी उभी ठेवून, थांबत थांबत दहा मिनिटे बोलून तपासावा. पंखांवर हात पाच सेकंद टेकवत नसेल तर जागा बदलावी. वापरात संच फार तापला तर ओले फडके टाकू नये. बोलणे थांबवून दारे उघडावीत आणि पंखा फिरत राहावा म्हणून संच चालूच ठेवावा.