उईजा बोर्ड

उईजा बोर्ड : मृतात्म्यांशी संवाद साधण्यासाठी वापरला जाणारा अक्षरफलक. त्यावर इंग्रजी मुळाक्षरे, शून्य ते नऊ अंक आणि होकार, नकार व निरोपाचे शब्द छापलेले असतात. बदामाच्या आकाराच्या छोट्या सरकत्या फळीवर सर्वजण बोटे टेकवतात, प्रश्न विचारतात आणि फळी ज्या अक्षरांवर थांबते ती जुळवून उत्तर वाचतात. महाराष्ट्रात कागदावर अक्षरे मांडून, उलटी वाटी किंवा नाणे सरकवून हाच प्रयोग होतो. त्याला ‘प्लँचेट’ म्हणतात.

या फलकाचे मूळ एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत आहे. 1848 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील हाइड्सव्हिल येथे फॉक्स भगिनींनी आत्मे टकटक करून उत्तरे देतात, असा दावा केला आणि परलोकवादाची लाट उसळली. 1861 ते 1865 च्या यादवी युद्धात सहा लाखांहून अधिक सैनिक दगावले. घरोघरी शोक होता आणि गेलेल्या माणसाचा एक शब्द तरी कानी पडावा ही ओढ खरी होती. पण टकटक मोजून उत्तर जुळवायला फार वेळ लागे. फलकाने ते काम सोपे केले.

1890 मध्ये बॉल्टिमोर येथे केनार्ड नॉव्हेल्टी कंपनी स्थापन झाली. 10 फेब्रुवारी 1891 रोजी एलायजा बाँड यांच्या नावे पेटंट मिळाले. पुढे विल्यम फुल्ड यांनी धंदा वाढवला. 1927 मध्ये आपल्याच कारखान्याच्या छतावरून पडून त्यांचा मृत्यू झाला. 1966 मध्ये पार्कर ब्रदर्सने हक्क विकत घेतले आणि पुढच्याच वर्षी या फलकाने खपात ‘मोनोपॉली’लाही मागे टाकले.

हा खेळ की परलोकाचे दार, हा वाद कोर्टातही गेला. खेळांवरील कर टाळण्यासाठी उत्पादकांनी आपला फलक खेळ नसल्याचा युक्तिवाद केला. 1922 मध्ये अमेरिकी अपील न्यायालयाने तो फेटाळला.

फळी हलते ती बसलेल्यांच्याच बोटांनी. मनातील अपेक्षेमुळे नकळत स्नायू हलतात, हे विल्यम कार्पेंटर यांनी 1852 मध्ये मांडले. पुढच्याच वर्षी मायकेल फॅरडे यांनी टेबल फिरवण्याच्या प्रयोगांची तपासणी केली. हात आणि टेबल यांच्यामध्ये सरकू शकणाऱ्या पुठ्ठ्यांचे थर ठेवून त्यांनी दाखवले, की आधी हात सरकतो, मग टेबल. हात लावणारे लबाड असतातच असे नाही. ‘मी ढकलले नाही’ असे ते मनापासून सांगतात, आणि म्हणूनच भोवतालच्यांचा विश्वास बसतो.

कॅथलिक चर्चने मृतांना पाचारण करण्याचे सर्वच प्रकार निषिद्ध ठरवले आहेत. 1973 च्या ‘द एक्झॉर्सिस्ट’ चित्रपटानंतर करमणुकीच्या या वस्तूभोवती सैतानाची भीती दाटली. खरी हानी मात्र निर्णय फलकावर सोपवल्याने होते. 1994 मध्ये इंग्लंडमधील एका दुहेरी खून खटल्यात काही ज्यूरींनी हॉटेलात पेला व अक्षरे वापरून मृताला खुनी कोण ते विचारले. हे उघड होताच अपील न्यायालयाने शिक्षा रद्द करून फेरसुनावणीचा आदेश दिला. फेरसुनावणीत पुराव्यांच्या आधारे तोच आरोपी दोषी ठरला.