पाट लागला, लेकरं कुणाची?

बासू चटर्जींचा ‘खट्टा मीठा’ १९७८ साली पडद्यावर आला. चार मुलगे असलेला पारशी विधुर आणि तीन मुलांची विधवा आई उतारवयात लग्न करतात आणि मुंबईतल्या एका घरात दोन घरांची पोरं एकमेकांच्या उरावर येऊन पडतात. या गोष्टीचं मूळ अमेरिकेतलं. १९६८ सालच्या ‘युवर्स, माइन अँड अवर्स’मागे फ्रँक बिअर्ड्सली आणि हेलन नॉर्थ हे खरं जोडपं होतं. १९६१ साली त्यांनी लग्न केलं तेव्हा त्याची दहा मुलं होती आणि तिची आठ. दोन्ही चित्रपटांतलं हसू एका गृहीतावर उभं आहे : बाई नव्या घरात आली की तिची मुलंही तिच्याबरोबर येणार. बोदवडच्या कापसाच्या काळ्या शिवारात आणि एकूणच खानदेशातल्या कुणबाऊ घरांत नेमकं हेच गृहीत धरता येत नव्हतं. तिथे बाईच्या दुसऱ्या लग्नाला वाट होती, तिच्या लेकरांना नव्हती. आणि ही वाट अडवली ती लोकलाजेपेक्षा जमिनीने, असं मला ठामपणे वाटतं.

विधवेचं दुसरं लग्न म्हणजे पाट. कुठे मोहतूर, कुठे गंधर्व. तो रात्री लागे. वाजंत्री नसे, सवाशिणी शक्यतो समोर येत नसत. नवऱ्याने आणलेलं लुगडं नेसायचं, बांगड्या भरायच्या, गाठ बांधायची की झालं. असा चोरटा विधी पाहून कुणालाही वाटेल की समाजाला हा प्रकार मान्यच नव्हता. पण मराठेशाहीत सरकार पाटावर ‘पाटदाम’ नावाची पट्टी घेत होतं, आणि जे क्वचित घडतं त्यावर कुणी पट्टी बसवत नाही. मान कमी होता, तरी संबंध पक्का होता. गरजही मोठी होती. १८९९-१९०० चा दुष्काळ, त्याच सुमाराचा प्लेग आणि १९१८ ची मानमोडी (इन्फ्लुएंझाची साथ) यांनी घरंच्या घरं अर्धी केली. एका घरात पोरं सांभाळायला बाई उरली नाही, तर दुसऱ्या घरात औत धरायला गडी उरला नाही. अशी दोन घरं एकत्र येणं किती सोयीचं होतं! तरीही साधारण रीत अशी की अंगावर पिणारं मूल तेवढं आईबरोबर जाई आणि मुलगे बापाच्या भाऊबंदांकडे राहत. मुलगा शेताचा वारस. तो दुसऱ्याच्या ओसरीवर वाढणं म्हणजे बांधावर उद्याचं भांडण.

१८५६ च्या विधवाविवाह कायद्याने हीच अडचण अधिक घट्ट केली. पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा बाईचा हक्क संपे. मुलांसाठी दुसरा पालक नेमा, असा अर्ज मेलेल्याच्या नातेवाइकांना कोर्टात करता येई. ज्या जातींत पाट पूर्वापार चालत होता त्यांनाही मालमत्तेचं कलम लागू आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने धरलं; अलाहाबादने नेमकं उलट धरलं. म्हणजे बोदवडच्या बाईचं शेत जाई आणि गंगेकाठच्या तशाच बाईचं रूढीच्या आधाराने टिकू शके. या कायद्याला सुधारणेचा कायदा म्हणून गौरवताना ही बाजू आपण फार सहज विसरतो. असोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरींना तिशीत वैधव्य आलं. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही, तीन मुलांना शेतात राबून वाढवलं. त्यांच्या मनात काय होतं ते त्यांचं. पण मुलं आणि माती दोन्ही हातात ठेवायची असतील तर तसं राहण्यावाचून बहुतेकींपुढे दुसरा पर्याय नव्हता.

यावर कुणी म्हणेल, सुधारकांनी ही कोंडी फोडलीच की! धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये गोदूबाईंशी लग्न केलं तेव्हा कर्व्यांचा मुलगा रघुनाथ अकरा वर्षांचा होता. सावत्र आई आणि मुलगा एका घरात आलेच. हे खरं. पण गोदूबाई बालविधवा होत्या, त्यांच्या पदरी मूल नव्हतं. पुण्या-मुंबईच्या चळवळीची नजर प्रामुख्याने अशाच मुलींवर राहिली. तीन लेकरांची विधवा त्या चर्चेच्या मध्यभागी कधी आलीच नाही. तिला पाट मोकळा आहे म्हणून तिचा प्रश्न सुटला, असं सर्वांनी गृहीत धरलं.

दुसरा आक्षेप असा की हे सगळं आता इतिहासजमा झालं. १९५६ च्या वारसा कायद्याने विधवेला पूर्ण मालकी दिली, १८५६ चा कायदा १९८३ मध्ये रद्दही झाला. आईचा प्रश्न बराचसा सुटला, मुलांचा मात्र रेंगाळला. वारसा कायद्यातल्या आईच्या ‘मुलां’मध्ये सावत्र मुलगा येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये दिला. १९५६ च्याच दत्तक कायद्याने, ज्याला स्वतःचा मुलगा हयात आहे त्याला दुसरा मुलगा दत्तक घेता येत नाही. म्हणजे ‘खट्टा मीठा’तला विधुर बोदवडचा हिंदू शेतकरी असता, तर बायकोच्या मुलांना या कायद्याने त्याला आपलं नाव देता आलं नसतं. सावत्र आईबापांना दत्तक घेण्याची वेगळी वाट नियमांत स्पष्टपणे लिहिली गेली ती २०१७ साली, चित्रपटानंतर एकोणचाळीस वर्षांनी.