५७ क्रमांकाची मादी

साहित्याच्या अभ्यासकाला ‘प्रत’ या शब्दाची महती सांगावयास नको. लेखनिकाची नजर चुकते, एखादे अक्षर गळते आणि पाठभेद जन्मास येतो. मुळाशी तंतोतंत जुळणारी प्रत हे पाठचिकित्सकाचे जुने स्वप्न आहे. विसाव्या शतकात जीवशास्त्रानेही ते पाहिले. फक्त त्याची संहिता सजीव होती.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ग्रॅन्बी या गावी ॲबी लॅथ्रॉप ही एकेकाळची शाळाशिक्षिका हौशी लोकांसाठी उंदीर पाळून विकत असे. पुढे शास्त्रज्ञही तिचे गिऱ्हाईक झाले. काही उंदरांच्या अंगावर गाठी दिसताच तिने विकृतिशास्त्रज्ञ लिओ लोएब यांना कळवले आणि दोघांनी मिळून कर्करोगावर शोधनिबंध लिहिले. १९१८ साली ती वारली. १९२१ मध्ये क्लॅरन्स कुक लिटल यांनी तिच्याकडून आलेल्या ५७ क्रमांकाच्या मादीपासून एक वंश वाढवला. भावाबहिणींचा संकर पिढ्यानपिढ्या करीत गेल्याने त्यातील सर्व उंदीर जनुकीय दृष्ट्या जवळजवळ एकरूप झाले. हाच ‘सी-५७ ब्लॅक-६’ वाण. २००२ साली उंदराच्या जनुकसंचाचा जो आराखडा प्रसिद्ध झाला, तो याच वाणाचा.

प्रती एकसारख्या झाल्या, तेव्हा त्यांत हेतुतः फेरफार करणे शक्य झाले. १९८० च्या दशकाअखेरीस नेमके एकच जनुक निकामी केलेले उंदीर तयार होऊ लागले. वाक्यातून एक शब्द वगळावा आणि अर्थ कसा ढळतो ते पाहावे, तशीच ही रीत. तिच्या जनकांना, म्हणजे कापेकी, इव्हान्स व स्मिथीज यांना, २००७ चे नोबेल मिळाले.

परंतु १९९९ साली जॉन क्रॅब आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला. ऑल्बनी, एडमंटन आणि पोर्टलंड येथील तीन प्रयोगशाळांत त्यांनी त्याच वाणांचे उंदीर, तीच उपकरणे, तोच आहार आणि तीच चाचणीपद्धती ठेवली. तरीही काही वर्तनचाचण्यांचे निष्कर्ष जागेगणिक बदलले. एक जनुक निकामी केल्याचा परिणामही सर्वत्र सारखा दिसला नाही. शब्द तोच, संदर्भ बदलला की अर्थ बदलतो, हे आपण वर्गात नेहमी सांगतो. येथे ते पिंजऱ्यात दिसले.

पुढे आणखी एक गोष्ट उघड झाली. जॅक्सन प्रयोगशाळेत वाढलेल्या ‘ब्लॅक-६’ उंदरांत एका जनुकाचा तुकडा कधीतरी आपोआप गळाला होता, आणि त्यामुळे त्यांच्या शर्करानियमनावर परिणाम होत होता. अन्यत्र जपलेल्या उपवाणात मात्र ते जनुक शाबूत होते. म्हणजे जिला प्रमाणप्रत मानले, तिच्यातही पाठभेद होताच!

म्हणूनच ‘अमुक जनुक म्हणजे अमुक स्वभाव’ असे मथळे वाचताना आपण पाठचिकित्सकाचेच प्रश्न विचारावेत: प्रत कोणती, कोठली आणि कोणी जपलेली? शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात ग्रॅन्बीच्या त्या बाईचे नावही यायला हवे.