सुट्या भागांची कसोटी : ब्रुकलँड्स, 1908

मोटारनिर्मितीच्या इतिहासात फोर्डच्या 1913 सालच्या सरकत्या जोडणी-रांगेस मानाचे पान मिळत आले आहे. त्या रांगेची एक पूर्वअट मात्र सहसा दुर्लक्षिली जाते. हाती आलेला भाग कानस न लावता जागी बसला पाहिजे. एक दट्ट्या घासून बसवावा लागला, तरी सारी रांग खोळंबते. ही अट फोर्डपूर्वीच पुरी झाली होती, आणि तिचे पुष्कळसे श्रेय हेन्री लेलँड याच्याकडे जाते.

लेलँडचा जन्म 1843 चा. यादवी युद्धाच्या काळात तो स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात होता. पुढे ब्राउन अँड शार्प कारखान्यात शिवणयंत्रांचा विभाग त्याने सांभाळला. 1890 साली डेट्रॉइट येथे त्याने भागीदारीत कारखाना काढला. तेथे सायकलींची दंतचक्रे होत, आणि बोटींसाठी पेट्रोलची एंजिनेही. मोटार त्यानंतर आली.

1901 मध्ये ओल्ड्स कंपनीने एकाच आराखड्याची एंजिने लेलँड व डॉज बंधू या दोघांकडून करवून घेतली. डॉज यांच्या एंजिनाची शक्ती 3 अश्वशक्ती, तर लेलँडच्या एंजिनाची 3.7 भरली, असे लेलँडच्या चरित्रग्रंथावरून दिसते. हा ग्रंथ त्याच्या सुनेच्या सहलेखनातून झालेला असल्यामुळे हा आकडा थोडा जपूनच घ्यावयास हवा. फरकाचे कारण मात्र सहज पटण्याजोगे आहे : भाग नेमके असले की घर्षण घटते.

ब्रुकलँड्सच्या कसोटीविषयी अशी शंका घेण्याचे कारण नाही, कारण ती इंग्लंडच्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली झाली. लेलँडच्या कॅडिलॅक कंपनीच्या तीन एक-सिलिंडर गाड्या लंडनमधील विक्रेत्याच्या साठ्यातून निवडण्यात आल्या. फेब्रुवारी 1908 च्या अखेरीस त्या ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर नेऊन पूर्णपणे सुट्या करण्यात आल्या. प्रत्येकीचे 721 भाग एकत्र मिसळले. त्यांतील 89 काढून घेऊन त्यांच्या जागी विक्रेत्याकडील साठ्यातले भाग घातले. मग यांत्रिकांनी केवळ पाने व स्क्रूड्रायव्हर यांच्या साहाय्याने तीन गाड्या पुन्हा उभ्या केल्या. कानशीस मज्जाव होता. तिन्ही गाड्या 500 मैल धावल्या, आणि 1908 सालचा ड्यूअर करंडक कॅडिलॅकला मिळाला.

हाताने बसवणी केलेले एंजिन तेच उत्तम, हा समज इंग्लंडात दृढ होता. त्यास धक्का बसला, तो एका स्वस्त गाडीकडून. ही गाडी श्रेष्ठ होती असे त्यावरून मुळीच ठरत नाही. ठरले ते एवढेच, की अचूकपणा जोडाऱ्याच्या हातातून मापसाधनात नेता येतो. कोणताही भाग निखालस मापाचा होत नसतो. म्हणून कमाल व किमान अशी दोन मापे ठरवावयाची. गेजच्या एका टोकात भाग शिरला पाहिजे, दुसऱ्यात शिरता कामा नये. येथे अनुभवी बोटांचा अंदाज लागत नाही, आणि नवशिका कामगारही हे पारखू शकतो. कारखानदारास हे लाभाचे होते. आयुष्यभर कानस चालविलेल्या जोडाऱ्यास तसे वाटण्याचे कारण नव्हते. त्याचे कसब निरुपयोगी झाले नाही, पण ते लागू लागले हत्यारखान्यात, गेज घडविण्यासाठी. आणि तेथे माणसे थोडी लागतात.

त्या गेजांची पडताळणी तरी कशाने करावयाची? त्यासाठी स्वीडनच्या कार्ल एडवर्ड जोहान्सन याने पोलादी मापठोकळ्यांचा संच तयार केला होता. लेलँड त्याच्या पहिल्या अमेरिकन ग्राहकांपैकी एक. 1923 साली जोहान्सनचा अमेरिकेतील व्यवसाय विकत घेतला तो फोर्डने.