दोन गाद्यांमधील सरखेल

राज्यात यादवी माजली म्हणजे डोंगरी गडाच्या किल्लेदाराला आपली दारे कोणासाठी उघडावयाची एवढेच ठरवावे लागते. आरमाराच्या अधिपतीचे संकट याहून बिकट, कारण पाठीशी भाऊबंदकीचा वणवा पेटलेला असताना समोर जंजिऱ्याचा सिद्दी, मुंबईचे इंग्रज आणि गोव्याचे पोर्तुगीज त्याच्या दुर्बलतेची वाट पाहत असतात. कान्होजी आंग्रे याच संकटात सापडले होते.

सरखेलीचा, म्हणजे आरमाराच्या अधिपत्याचा, मान त्यांना राजाराम महाराजांकडून मिळालेला. म्हणून १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि खेडच्या लढाईनंतर साताऱ्यास गादीवर बसले, तेव्हा कान्होजी राजारामांच्या विधवा आणि शाहूंच्या प्रतिस्पर्धी ताराबाईंच्या पक्षास राहिले, यात मला स्वार्थापेक्षा इमानच अधिक दिसते. पण इमानाने खलाशांचे पोट भरत नाही. गुराबा आणि गलबते बांधावयास सागवान लागते, गोलंदाजांना मुशाहिरा लागतो. आणि दोन्ही दरबारांचे खजिने लढायांत आटत असताना हा खर्च भागवावयास व्यापारी जहाजांना दस्तके, म्हणजे प्रवासाचे परवाने, देऊन वसूल केलेला पैसा हाच मोठा आधार होता. दस्तक न घेणारी जहाजे ते पकडीत, आणि इंग्रज यालाच चाचेगिरी म्हणत. कोकण किनाऱ्यावरील मराठ्यांचा अंमल मान्य करण्याची त्यांची तयारी नव्हती, हेच त्याचे खरे कारण होय.

१७१३ मध्ये शाहू महाराजांनी त्यांच्यावर धाडलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच कान्होजींनी कैद केले आणि लोहगड घेतला, तेव्हा खुद्द साताऱ्यास धोका उत्पन्न झाला. अशा वेळी श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ, नव्याने पेशवाईची वस्त्रे घेऊन, लढण्याऐवजी बोलणी करावयास गेले. कान्होजींनी पिंगळ्यांस सोडले, राजमाचीखेरीज जिंकलेला मुलूख परत केला आणि साताऱ्याची गादी मानली; त्यांना दहा किल्ले, सोळा लहान ठाणी आणि सरखेलीची बहाली मिळाली. या तहाला पक्षांतर म्हणणारे १७२१ विसरतात: त्या वर्षी इंग्रज व पोर्तुगीज मिळून कान्होजींच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले, तेव्हा साताऱ्याहून सरदार पिलाजी जाधवांचे स्वार मदतीस आले आणि तो हल्ला फसला.

कान्होजी १७२९ मध्ये वारले. पुढे त्यांच्या वारसांशी बेबनाव होताच बाळाजी विश्वनाथांचे नातू पेशवे नानासाहेब यांनी बोलणी टाकून इंग्रजांची मदत घेतली, आणि १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या खाडीत आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले.